मांजरांच्या फोटोसाठी ६६ हजारांचा कॅमेरा ईएमआयवर घेऊ का?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही २९ वर्षांच्या, डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये आईसोबत भाड्याने राहता, हातात पगार ४८ हजार. घरात दोन मांजरं, काळी बुंदी आणि नारंगी बोका पेढा. मोबाईलवर फोटो काढले की पेढा हललेला येतो आणि बुंदी म्हणजे नुसता काळा गोळा, डोळे सोडून काही दिसत नाही. दुकानदाराने कॅनन आर ५० हा कॅमेरा किट लेन्ससकट (म्हणजे सोबत येणारी साधी लेन्स) ६६ हजारांना सांगितलाय, क्रेडिट कार्डवर १२ महिने नो कॉस्ट ईएमआय, महिना ५,५००. नाहीतर ८० हजारांची एफडी मोडू का, किंवा वर्षभर एसआयपी थांबवू का, असं विचारलंय. शेवटी हळूच हेही लिहिलंय की इन्स्टावर पेज चाललं तर पैसे वसूल होतील.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, कॅमेरा घ्या, पण आत्ता नाही आणि या तिन्ही मार्गांनी तर नाहीच. "फोन आहे ना, मग कॅमेरा कशाला" असं मी म्हणणार नाहीये, छंदावर पैसे खर्च करायला माझी कधीच हरकत नसते, आणि तुम्ही ना सोनं घेताय ना फिरायला जाताय. पण तुमचा हिशोब बघितला तर जागा फार कमी आहे.

भाडं १४ हजार, स्कूटीचा हप्ता ३,२००, एसआयपी ५ हजार, घरखर्च आणि आईची औषधं धरून १६ हजार, मांजरांचं खाणं, लिटर (शी-शूची वाळू) वगैरे साडेतीन हजार. उरले ६,३००. त्यातून ५,५०० गेले की महिन्याला हातात ८०० रुपये. म्हणजे गॅस सिलिंडर आणि कुणाच्या लग्नाचा आहेर एकाच महिन्यात आला की तुम्ही कार्डावरच जगणार, आणि कार्डाचं बिल एकदा का पूर्ण भरलं नाही की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचं धरा चाळीसच्या पुढे. नो कॉस्टचा हप्ता त्याच बिलात येतो हे लोक विसरतात.

आता नो कॉस्ट म्हणजे काय ते बघू, कारण कॉस्ट असतेच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नाही. होतं असं की बँक व्याज लावते आणि कंपनी किंवा दुकानदार तेवढा डिस्काउंट आधीच देतो. तुमच्या केसमध्ये १५ टक्के दर धरला तर व्याज साधारण पाच हजार होतं, ते डिस्काउंटमधून वळतं झालं, ठीक. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येणार, तो झाला ९०० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर परत जीएसटी. धरा बाराशे. फार नाहीये, मान्य. खरा तोटा वेगळाच आहे, रोख देणाऱ्याला दुकानदार जे दोन-तीन हजार सोडतो किंवा बॅग, कार्ड फुकट देतो ते तुम्हाला मिळत नाही. दुकानात जाऊन एकदा नुसतं विचारून बघा, "ईएमआय नको, आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला?"

एफडीचा तर विषयच नको. तुमचा अत्यावश्यक खर्च महिन्याला ३६,७०० आहे, एफडी ८० हजार, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा जीव. नोकरी गेली किंवा आईला ॲडमिट करायला लागलं तर तेवढंच आहे तुमच्याकडे. मुदतीआधी मोडली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, पण मला दंडाची काळजी नाही, मला काळजी आहे ती मागे शून्य राहण्याची. आणि एसआयपी थांबवायचं म्हणताय, तर थांबवलेली एसआयपी परत सुरू करणारे लोक मी फार कमी बघितलेत.

आता बोक्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात कॅमेऱ्याचा सगळा हिशोब आहे पण मांजरांच्या आजारपणाचा एक रुपयाही धरलेला नाही. बोक्यांमध्ये लघवी अडकण्याचा त्रास होतो, नळी अरुंद असते, खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी बंद, आणि ही अशी गोष्ट आहे की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कॅथेटर, सलाईन, दोन-तीन दिवस ॲडमिट, हे बिल मुंबईकडे सहज पंधरा-वीस हजारांवर जातं. पेढा सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय आणि काही होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच न्यायचं. त्या रात्री कार्डाची लिमिट कॅमेऱ्याने खाल्लेली असेल तर? म्हणून मांजरांचा वेगळा फंड आधी, कॅमेरा नंतर, दोन्ही एकाच वेळी सुरू करता येतील असं खाली मांडलंय.

आणि एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. तुमचे फोटो हलतात ते मुख्यतः प्रकाशामुळे. संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली कुठल्याही फोनला पुरेसा उजेड मिळत नाही, तो शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि नाइट मोड तर बरेच फोटो एकावर एक चढवून एक बनवतो, त्यात मांजर हललं की झालं. पळणाऱ्या मांजराला शटरचा वेग निदान १/५०० सेकंद लागतो, नुसतं मान वळवत असेल तर १/२५० चालतो. आता तुमचा आर ५० घ्या, त्यातला मांजराचा डोळा ओळखून फोकस धरणारा ऑटोफोकस खरंच भारी आहे, ते मी नाकारत नाही, पण दुकानदार जी किट लेन्स देतोय, १८-४५, ती झूम केली की एफ ६.३ वर जाते (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा बारा पट प्रकाश आत घेते. बारा पट! म्हणजे ६६ हजार देऊनही ट्यूबलाइटखाली पेढा हललेलाच येणार किंवा फोटोत दाणे दाणे दिसणार, आणि मग दोन महिन्यांनी तुम्ही वेगळी लेन्स घ्यायला जाणार. ५० एमएम एफ १.८ पंधरा हजारांच्या वर, एक चांगलं मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी, एकूण खर्च ८५ हजारांच्या पुढे सरकतो. शिवाय आर ५० चा सेन्सर लहान असल्यामुळे ५० एमएम त्यावर ८० सारखी दिसते, वन बीएचकेत मांजराचा नुसता चेहरा मावेल, पूर्ण मांजर घ्यायचं तर तुम्हाला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागेल. त्यामानाने सिग्माची ३० एमएम एफ १.४ घरात जास्त कामाची, ती आता कॅननलाही मिळते.

तर पुढचे दोन-तीन महिने फोनवरच हे करून बघा, फुकट आहे. फोटो फक्त सकाळी, खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून. खिडकी तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला हवी, मांजराच्या पाठीमागे नको, नाहीतर बुंदीची परत सावलीच येणार. काळं मांजर काळ्या-तपकिरी सोफ्यावर कधीच घेऊ नका, फिकट चादर टाका, पण चादर पांढरीशुभ्र असेल तर फोन सगळाच फोटो काळपट करतो, म्हणून बुंदीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, अंगावरचे केस दिसायला लागले की थांबा. तुम्ही खाली बसा, जमिनीवर झोपा खरं तर, कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे, वरून घेतलेले फोटो सगळे एकसारखे दिसतात. बर्स्ट लावा, म्हणजे एका दमात भराभर फोटो, वीसमधला एक ठेवा. फ्लॅश नाही, मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो त्याने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि मांजर पुढच्या वेळी फोन दिसला की पलंगाखाली जातं ते वेगळंच. आईला मागे उभं करून खाऊचं पाकीट कुरकुरवायला सांगा, पण दोनदाच, तिसऱ्यांदा मांजरं भाव देत नाहीत.

हे करूनही भूक भागली नाही तर पुढची पायरी भाड्याची. मुंबई-ठाण्यात कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, अशा साध्या सेटला हजार-दीड हजाराच्या आसपास पडतात, डिपॉझिट आणि ओळखपत्र लागतं. शनिवारी घ्या, हाच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एफ १.४ किंवा १.८ ची लेन्स मागा, किट लेन्स नको. आणि मुद्दाम रात्री ट्यूबलाइटखालीही काढून बघा, शटर फास्ट केलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात ते बघायला मिळतील, आपल्याकडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात त्यामुळे होतं ते, महाग कॅमेऱ्यातही होतं. भाड्याचे पंधराशे गेले तरी चालेल, चुकीचे ६६ हजार वाचतात.

आता पैशाची मांडणी. ६,३०० मधले १,८०० मांजरांच्या फंडात, वेगळ्या सेव्हिंग खात्यात, एटीएम कार्ड कपाटात. वर्षभरात २१,६०० होतात, म्हणजे एका मोठ्या आजारपणाची सोय. उरलेले ४,५०० कॅमेऱ्याच्या आरडीत, १२ महिने. तुम्ही लिहिलंय की स्कूटीचा हप्ता अजून सात महिने आहे, तो संपला की ते ३,२०० घरखर्चात मिसळू देऊ नका, लगेच त्याच तारखेला लिक्विड फंडात किंवा साध्या सेव्हिंगमध्ये टाका, पाच महिन्यांचे १६ हजार. आरडीचे ५४ हजार, वर व्याज सतराशे-अठराशे, एकूण ७१-७२ हजार, आणि हे सगळं बरोबर बाराव्या महिन्यात, ज्या महिन्यात तुमचा ईएमआय संपला असता. फरक एवढाच की मध्येच काही झालं तर आरडी थांबवता येते, ईएमआय थांबवता येत नाही. दिवाळीच्या बोनसला मात्र कॅमेऱ्याची दृष्ट लागू देऊ नका, तो एफडीत घाला, ती चार महिन्यांच्या खर्चाएवढी व्हायला हवी. आईचा आरोग्य विमा आहे का हे तुम्ही लिहिलंच नाहीये, नसेल तर बोनसमधला पहिला खर्च तो, बाकी सगळं नंतर.

इन्स्टाचं काय म्हणाल तर मी त्यातून शून्य रुपये धरते. पेज चालतं ते मांजराच्या स्वभावामुळे आणि रोज टाकण्यामुळे, आणि रील सगळे फोनवरच होतात, त्यासाठी आर ५० लागत नाही. उद्या खरंच लोक पैसे देऊन त्यांच्या मांजरांचे फोटो काढून घ्यायला लागले तर ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा, मग धंद्याची मालमत्ता म्हणून कॅमेऱ्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. छंदाला मिळत नाही. तेव्हा सीएशी बोला, आत्ता त्याच्या जोरावर खरेदीचं समर्थन नको.

सेकंडहँडचं तुम्ही विचारलं नाहीत पण मी सुचवते, कारण सीएसएमटीजवळचा कॅमेऱ्यांचा बोरा बाझार तुमच्यापासून एका लोकलच्या अंतरावर आहे. बॉडी जुनी घेतलीत तर बरीच बचत होते, फक्त मांजराचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस त्या मॉडेलमध्ये आहे का ते आधी बघा, सोनी ए ६४०० ला तो २०१९ च्या अपडेटमध्ये आला, त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत नाहीच, आणि मांजरासाठी तोच तर घ्यायचाय. लेन्स मात्र उजेडाकडे धरून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. आपल्या पावसाळ्यात ती नवीन लेन्सलाही लागते, म्हणून घेतल्या दिवसापासून हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कॅमेऱ्याच्या बॅगेत महिनोन्महिने नाही ठेवायचं. नवा घेतलात तर बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, बॉक्सवरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा तिन्ही जुळवून मगच दुकानातून निघा, आणि भारतातली वॉरंटी आहे का हे तोंडी नाही, बिलावर.