‘सहभागिता’ आणि ‘सांत्वन’

गुरुवार पेठेतील एका वाचकभगिनींनी आपल्या आभारपत्रातील एक वाक्य पाठवले आहे : ‘वडिलांच्या दीर्घ आजारपणात आम्हाला मंडळीच्या सहभागितेतून सांत्वन मिळाले.’ ‘मंडळी’ म्हणजे येथे त्यांच्या चर्चमधील ख्रिस्ती समुदाय. वडील आता बरे आहेत. ‘सहभागिता’ऐवजी ‘सहभाग’ हवे आणि ‘सांत्वन’ऐवजी ‘प्रोत्साहन’ हवे, असे एका परिचितांनी त्यांना सुचवले, तेव्हा योग्य काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘सहभागिता’ हा शब्द निर्दोष आहे. ‘उपयोगी’पासून ‘उपयोगिता’ होते, तसाच ‘सहभागी’पासून तो झाला आहे आणि म्हणूनच त्यातील ‘गि’ ऱ्हस्व लिहायचा. अर्थातला फरक मात्र अधिक महत्त्वाचा आहे. सहभाग स्पर्धेत घेतात, चर्चासत्रात घेतात आणि कार्यक्रम संपला की तोही संपतो. सहभागिता घेता येत नाही, तिच्यात राहावे लागते. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या शेवटी जो आशीर्वाद उच्चारला जातो, त्यातील ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ हे शब्द बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना म्हणजे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या वचनातले आहेत. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’ असा असून तो ‘सामाईक’ या अर्थाच्या ‘कोइनोस’पासून आला आहे. त्याच कुळातला शब्द लूककृत शुभवर्तमान या येशूचरित्राच्या पाचव्या अध्यायात येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांच्यासाठी येतो, कारण ते मासेमारीच्या धंद्यात शिमोनाचे, म्हणजे पेत्राचे, भागीदार होते. तेव्हा नफ्याबरोबर तोटाही वाटून घेणारे नाते या शब्दाच्या मुळाशीच आहे, आणि आजाऱ्याच्या घरी रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन प्रार्थना करते, रात्री उशाशी बसते, जेवणाचा डबा पोहोचवते, त्याला ‘सहभाग’ म्हणणे मला फार अपुरे वाटते.

‘सांत्वन’ अधिक अवघड आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘पाराकालेओ’ या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणे’ असा असून दुःख हलके करणे, उभारी देणे आणि कळकळीने बोध करणे या तिन्ही छटा त्यात सामावतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी, अवघ्या पाच वचनांत, हे क्रियापद आणि त्याचे नाम मिळून दहा वेळा येतात. मराठीत या छटा वेगवेगळ्या शब्दांत विभागल्या गेल्या, म्हणून भाषांतरकाराला कधी ‘सांत्वन’, कधी ‘बोध’ निवडावा लागतो. ख्रिस्ती वाचकाच्या कानावर ‘सांत्वन’ शास्त्रपाठातून सतत पडत असल्याने त्याला ते व्यापक अर्थाने कळते. इतर मराठी वाचकाला मात्र सांत्वन म्हटले की मृत्यू झालेले घर आठवते, आणि बऱ्या झालेल्या वडिलांच्या संदर्भात ते खटकेल.

‘प्रोत्साहन’ मला मुळीच पटत नाही. ते विद्यार्थ्याला, खेळाडूला, उद्योगाला देतात. त्यात देणारा थोडा उंचावर उभा असतो. आपल्याकडे याहून घरगुती आणि अचूक शब्द आहे : धीर. तो देता येतो, मिळतो, आणि माणसे नुसती येऊन बसली तरी आपोआप ‘येतो’. माझ्या शेजारच्या ख्रिस्ती आजी पतीच्या शस्त्रक्रियेच्या दिवसांविषयी म्हणत, ‘मंडळी आली की धीर यायचा’. ‘मंडळी’ या शब्दात त्यांचे चर्च आणि आपली माणसे दोन्ही होती.

पत्र मंडळीतच वाचले जाणार असेल, तर मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवावे. सर्वांसाठी असेल, तर असे लिहावे : ‘वडिलांच्या दीर्घ आजारपणात मंडळीच्या सहभागितेमुळे आम्हाला धीर मिळाला.’