आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक म्हणून तासिकेवर लागावं का?

डिप्लोमा झालाय, तासिकेवर निदेशकाची ऑफर आलीय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी सात वर्षं फिटर ट्रेडलाच तासिकेवर शिकवतोय म्हणून लिहितो.

कामात जीव लागतो हे आधी सांगतो. पहिल्या आठवड्यात ज्या पोराला कानस सुद्धा धड धरता येत नाही तोच दोन वर्षांनी मेल-फिमेलचा जॉब, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारे लोखंडाचे दोन तुकडे, आणून देतो, आपण तो उजेडाकडे धरून बघतो आणि फटीतून उजेड येत नाही, तेव्हा जे वाटतं ना ते मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळालं नसतं.

पण पैशाचं स्पष्ट ऐका. तासिका म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षा, सगळे दिवस कोरडे, आणि बिल तीन-चार महिने अडकलं तर विचारायचं कोणाला हेच कळत नाही. मी दोनदा उसने घेऊन घरभाडं भरलंय. आणि पोर्टलवर माहिती भरणं, हजेरी, ॲडमिशनच्या राउंड, हे काम कायम निदेशकाइतकंच आपल्याकडे येतं, फक्त ते तासात धरत नाहीत.

त्यात अभ्यासक्रमाचा पॅटर्न सारखा बदलतो. 2013 ला सेमिस्टर आलं, 2018 ला परत वार्षिक, मग 2022 ला वर्षाचे 1600 तास होते ते 1200 केले. कागदावर ठीक असेल पण हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) आणि कानस ही हाताला लागायची गोष्ट आहे, वीस पोरांच्या युनिटमध्ये प्रत्येकाला व्हाइसवर, म्हणजे जॉब पकडायच्या शिकंजावर, किती वेळ मिळणार? प्रत्येक बदलाचा प्लॅन नव्याने लिहायचा तो आपणच, आणि बदल करण्याआधी आम्हाला कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

म्हणून माझं मत, ऑफर घ्या पण सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीचं प्रशिक्षण, सोडू नका. वर्षभराचा कोर्स आहे, मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआयला (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत) होतो, कायम जागेच्या भरतीत तो उपयोगी पडतो. जॉइन व्हायच्या आधी प्राचार्यांना नको, तिथल्या जुन्या तासिकावाल्या सरांना गाठा, मागचं बिल कधी निघालं ते विचारा आणि जमलं तर स्टोअरमध्ये जाऊन पोरांच्या सरावाला लागणारी एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी किती शिल्लक आहे ते स्वतः बघून या.