नागपूरचा उन्हाळा, घरचं पन्हं-आंबील आणि वेळेचा प्रश्न

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मार्चमध्ये पुण्याहून नागपुरात आलीस, दोघांच्याही नोकऱ्या, लेक 4 वर्षांचा, आणि भेटेल तो सांगतो की इथल्या उन्हाळ्यात पन्हं, आंबील, बेलाचं सरबत घरीच करत जा. हौसेनं 2 किलो कैऱ्यांचं पन्हं केलंस, चौथ्या दिवशी बाटली उघडली तर फेस आणि आंबूस वास, सगळं ओतून द्यावं लागलं. आणि आता विचारतेस की या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, का सरळ विकतच्या बाटल्या आणायच्या. तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. माझा जन्म इथल्याच महाल भागातला, संसार धरमपेठेत, आणि 30 वर्षं शाळेत नोकरी केली. त्यामुळे तुझी सकाळची धावपळ मला चांगली माहीत आहे.

माझं उत्तर असं की वेळ काढूच नकोस. आमच्या घरी सरबतांसाठी वेगळा वेळ कधी नव्हताच. कुकर रोज लागतो, दूध रोज विरजायचं असतं, चहा तर होतोच. ही सगळी कामं त्यांच्याच पोटात बसतात. रविवारी दुपारी घाट घालून महिन्याचं पन्हं करायला बसलीस की दमतेस, आणि 2 किलोचं पन्हं 4 माणसांच्या घरातही लवकर संपत नाही.

पन्ह्यापासूनच घेऊ, कारण तिथे तुझं मन खट्टू झालंय. तू लिहिलंस की कैऱ्या उकडून गरात गूळ कालवला आणि पाणी घालून बाटल्या भरल्या. चुकलं ते इथे. गूळ कच्चाच राहिला, आणि पाण्यानं गोडी पातळ झाली. पातळ गोड पाणी आणि नागपूरचा मे महिना, आंबायला आणखी काय लागतं? पाणी बाटलीत घालायचंच नाही, ते पेल्यात घालायचं.

आठवड्याला 4-5 कैऱ्या पुरे. वरण-भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात त्या बसतात. डबा स्टीलचा घे, आंबटाला ॲल्युमिनियम नको. संध्याकाळी गार झाल्या की साल काढ, पण टाकू नकोस. सालीच्या आतल्या बाजूला आणि कोयीला खूप गर असतो, तो वाटीभर पाण्यात चोळून घे. ते पाणी घरातल्यांनी तेव्हाच पिऊन टाकायचं. घट्ट गर मोज. 1 वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, कैरी फार आंबट असेल तर 2 वाट्या. हे दोन्ही एकत्र गॅसवर ठेवून चांगली उकळी येऊ दे, 4-5 मिनिटं हलवत राहा. मग मीठ, वेलची, हवं तर केशर. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये. चमचा कोरडाच हवा, हे घरातल्या पुरुषांनाही एकदा नीट सांगून ठेव. असा गर आमच्याकडे 3 आठवडे आरामात राहतो. प्यायच्या वेळी पेल्यात 2-3 चमचे गर आणि माठातलं पाणी.

माठातलं का, तेही सांगते. फ्रिजच्या पाण्यात गोडी कमी जाणवते, मग आपण गूळ वाढवत बसतो. आणि नागपूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडून जातं आणि आतलं पाणी छान गार होतं. मुंबईच्या दमट हवेत माठाला हे जमत नाही, आपल्याकडेही पाऊस लागला की माठ थंडावा देईनासा होतो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर मे महिन्यात घर गार करतो तोही याच कारणानं. नवा माठ आणलास तर 24 तास पाण्यात बुडवून ठेव, साबण कधी लावू नकोस, आणि वाळ्याची छोटी जुडी स्वच्छ धुऊन आत सोड. त्या पाण्याचा वास आला की मला अजूनही सुट्ट्या लागल्यासारखं वाटतं.

आता आंबील. हिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण तू लिहिलंस की ती "करायला कठीण वाटते", आणि मला वाटतं की नोकरी करणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं काही नाही. पुण्याच्या गौरी त्या आमच्या महालक्ष्म्या, त्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असतेच. पण उन्हाळ्यात ती रोजचं जेवण असल्यासारखी होते.

रात्री ओटा पुसायच्या आधी 4 मोठे चमचे ज्वारीचं पीठ 1 वाटी आंबट ताकात कालव. गुठळी राहू देऊ नकोस, हातानंच कालव, चमच्याला गुठळी कळत नाही. झाकण ठेव आणि झोप. थंडीत हे भिजवण बारा-बारा तास तसंच पडून राहतं, मे महिन्यात 6-7 तासांत तयार होतं. माझ्या सासूबाई पातेल्याला कान लावायला सांगायच्या. "ऐक, बोलून राहिली नं?" म्हणायच्या. खरंच बारीक चरचर ऐकू येते, बुडबुडे फुटतात त्याची. वर पिठाची साय धरलेली असते आणि वास दह्यासारखा येतो. वास नाकात चढायला लागला तर ती पुढे गेली असं समज. दुसऱ्या दिवशीपासून ताक कमी आंबट घे किंवा भिजवण उशिरा घाल.

सकाळी एका शेगडीवर चहा, दुसरीवर 3 वाट्या पाणी. पाण्यात थोडं मीठ, ठेचलेल्या लसणाच्या 3-4 पाकळ्या आणि जिरं. उकळी आली की भिजवण धार धरून ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. पहिली 2 मिनिटं काही झाल्यासारखं वाटत नाही. मग पाण्याची खळखळ थांबते आणि फदफद सुरू होते, वर चकाकी येते, कच्च्या पिठाचा वास जाऊन भाकरीचा वास येतो. एकूण 7-8 मिनिटं. गॅस बंद कर आणि आंघोळीला जा. गार झाली की आणखी घट्ट होते, त्यात 2 वाट्या ताजं ताक आणि वरून सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे एव्हाना भाजीवाल्याकडे कळलंच असेल तुला! डब्यात नेलीस तर दुपारी 2 वाजता वरून कांदा घालून पिऊन बघ. पोट भरतं, पण जड होत नाही, आणि ऑफिसातल्या जेवणानंतरची ती गुंगी येत नाही.

आंबिलीला ताक लागतं आणि तुझं दही आंबट होतंय असंही तू लिहिलंस. पुण्याची सवय आहे तुला, रात्री 9 ला विरजण लावायचं आणि सकाळी दही घ्यायचं. इथे मे महिन्यात दही 3-4 तासांत लागतं, उरलेली रात्र ते नुसतं आंबत असतं. झोपायच्या अगदी आधी, पूर्ण गार दुधात, लिटरला अर्धाच चमचा विरजण लाव. किंवा संध्याकाळी घरी आल्या आल्या लाव आणि झोपताना फ्रिजमध्ये ठेव. मातीच्या भांड्यात लावलंस तर पाणी सुटत नाही, दही घट्ट बसतं.

लेक काहीच पीत नाही म्हणतेस. त्याला बेल फोडायला दे. गोकुळपेठेच्या बाजारात किंवा कॉटन मार्केटला पिवळसर, वासाचा बेल बघून घे, हिरवा नको. ओट्यावर नाही, बाहेर फरशीवर जाडसर कापड टाकून आपटायचा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. आमचा नातू हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नाही, आणि स्वतः फोडलेल्या बेलाचं सरबत मागून पितो. गर चमच्यानं काढून दुप्पट पाण्यात 2 तास भिजत ठेव, मग हातानं कुस्करून मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळ. मिक्सरमध्ये अजिबात नको. बिया फुटल्या की कडू होतं, आणि बियांभोवतीचा चीक सगळा सरबतात उतरतो. पिकलेल्या बेलाला गूळ फार लागत नाही. थोडं जिरं, थोडं काळं मीठ, झालं. हे मात्र त्याच दिवशी संपव.

लाल रंगाचं हवं असेल तर अंबाडीच्या वाळलेल्या लाल पाकळ्या इतवारीत किराणा ओळीत विचार. मूठभर पाकळ्या स्टीलच्या पातेल्यात उकळून, गाळून, साखर घालून पाक करून ठेवता येतो. लेकाला याच्या बर्फाच्या कांड्या जमवून दे, दूधही लागत नाही.

संत्र्याचं विचारलंस. नागपुरात राहून संत्र्याचा रस बाटलीत भरून ठेवावा असं प्रत्येक नव्या माणसाला वाटतं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या झाडांची, संत्री मार्चपर्यंत मिळतात, तेव्हा तुलाही वाटलं असणार. पण आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. बिया आणि फोडींवरचा पांढरा पापुद्रा यात जे असतं ते रसात उतरून हळूहळू कडू बनतं, आणि उकळलं तर आणखी लवकर. म्हणून फोडी हातानं सोलून, बिया काढून, अलगद पिळून लगेच प्यायचा. साठवायचं असेल तर संत्रा बर्फी विकत आण, ती इथले लोक उत्तम करतात.

विकतच्या बाटलीचं म्हणशील तर पाहुण्यांसाठी एक असू दे, त्यात वाईट काही नाही. रोजच्यासाठी मात्र मला ती पटत नाही. तिच्यात साखर भरपूर आणि मीठ जवळपास नसतंच, आणि घामातून आपलं मीठच तर जातं. घरच्या पन्ह्यात, ताकात, आंबिलीत मीठ आपोआप असतं.

एक गोष्ट मनापासून सांगते, ती लक्षात ठेव. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात आमच्या शेजारी एक आजोबा बँकेतून भर दुपारी पायी आले आणि दारातच असंबद्ध बोलायला लागले. अंग तापलेलं, घाम बंद. घरचे पन्ह्याचा पेला घेऊन त्यांना बळेच पाजायला लागले. असं कधी करू नकोस. माणूस भानावर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. सावलीत घेऊन अंगावर गार पाणी मारायचं, पंखा लावायचा आणि लगेच दवाखाना. ते आजोबा वाचले, पण उशीर थोडक्यात टळला. पन्हं बाहेर पडण्याआधी पिण्यासाठी आहे आणि साधा थकवा असेल तेव्हासाठी आहे. जुलाब-उलट्यांत घरी द्यायचं पाणी वेगळं: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप ओट्याजवळ कागदावर लिहून चिकटव, ऐन वेळी आठवत नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, 25 मेच्या सुमाराला सुरू होतो, तोवर तुझ्या हाताला हे सगळं वळण लागलेलं असेल. सगळं एकदम धरू नकोस. या आठवड्यात फक्त आंबील कर. घरात ज्वारीचं पीठ असेल तर आज रात्रीच ताकात कालव, आणि पीठ ताजं आहे ना तेवढं चाखून बघ, जुनं पीठ कडू लागतं. सकाळी गुठळ्या झाल्या किंवा फार आंबट झाली तर इथेच लिही. मी 6 वाजता उठलेली असते, तुझा गॅस बंद व्हायच्या आत उत्तर देईन.