आतड्यातले जिवाणू आणि तीन महिन्यांचा कोर्स

पत्र: मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतड्यातले जिवाणू डीएनएवरून ओळखण्याच्या कामात तिला जायचंय. नातेवाईक म्हणतात, डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करा, लगेच नोकरी लागते. तिने तीन महिन्यांच्या एका महागड्या कोर्सची जाहिरात आणली आहे. काय करावं? (एक पालक, सांगली)

उत्तर: डीएमएलटीत वाईट काहीच नाही, पण ती वाट रुग्णांच्या तपासण्यांकडे जाते. मुलीला हवंय ते संशोधनाचं काम, आणि त्यासाठी एम.एस्सी.ला पर्याय नाही.

या कामात जिवाणू फोडून डीएनए बाहेर काढण्यासाठी विष्ठेचा नमुना बारीक मण्यांच्या ट्यूबमध्ये घालून जोरजोरात हलवतात. ग्रॅम पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंची पेशीभिंत जाड असते. ती नीट फुटली नाही, तर ते नमुन्यात भरपूर असूनही निकालात कमी दिसतात. मग पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं), त्या नीट निघाल्या का हे जेलवरच्या पट्ट्यांवरून तपासणं आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं. बहुतेक ठिकाणी ओळख पटवायला १६एस आरआरएनए हे सगळ्या जिवाणूंत असणारं जनुक वापरतात. ते साधारण १५०० बेसचं (अक्षरांचं), पण बऱ्याचदा त्यातला साडेचारशेच्या आसपासचा व्ही३-व्ही४ तुकडाच वाचला जातो. त्यावरून जीनस (प्रजाती) बहुधा कळते, स्पीशीज (त्यातली नेमकी जात) खात्रीने सांगता येतेच असं नाही. ई. कोलाय आणि शिगेला हे जवळचे जिवाणू तर अख्खं १६एस वाचूनही नीट वेगळे करता येत नाहीत. तिथे पूर्ण जीनोमकडे, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएकडे, वळावं लागतं. हे माहीत नसलेला विद्यार्थी सॉफ्टवेअरने छापलेलं प्रत्येक नाव खरं मानतो.

प्रयोगशाळेतलं काम काही दिवसांचं, संगणकावरचं आठवडेच्या आठवडे. मायक्रोबायोलॉजीची मुलं अडखळतात ती इथेच. लिनक्स, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि अशा डेटाच्या विश्लेषणाचं चाइम२ (QIIME 2) हे सॉफ्टवेअर आतापासून शिकायला घ्या.

एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम आणि बायोटेक्नॉलॉजीची जीएटी-बी या प्रवेश परीक्षा बघा. पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. तिथल्या प्रशिक्षणाच्या आणि प्रोजेक्टच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पुढे नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएच.डी. वेळ लागतो, हे घरी आधीच सांगून टाका.

राहिला कोर्स. फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: डीएनए मुलगी स्वतःच्या हाताने काढणार का, आणि कच्च्या फास्टक्यू फाइल्स (सिक्वेन्सिंगमधून निघालेला मूळ डेटा) तिला मिळणार का? नुसतं प्रात्यक्षिक दाखवून सर्टिफिकेट देणार असतील, तर पैसे वाचवा. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या एसआरए या ऑनलाइन संग्रहात असा डेटा फुकट मिळतो. पाच-दहा नमुने उतरवून तिला सुट्टीत विश्लेषण करू दे. कंटाळली नाही, तर एम.एस्सी.चे फॉर्म भरा.