थॅडियस स्टीव्हन्स सूडाने पेटलेले होते का?

गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले अमेरिकी खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांनी तिथल्या यादवी युद्धानंतर (१८६१–६५) दक्षिणेकडच्या गुलामगिरीवादी बंडखोर राज्यांवर सूड उगवला हे खरे का आणि त्यांची कारकीर्द कशी होती, असे आपण विचारले आहे. सुडाचा आरोप मला मान्य नाही. याच आरोपावरून माझ्या थोरल्या मेव्हण्यांशी माझा कित्येक वर्षे वाद चालू आहे.

ते पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम लँकेस्टरला स्टीव्हन्स यांच्या थडग्यापाशी नेले. दगडावर कोरले आहे की, एकांताची आवड म्हणून नव्हे, तर इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट असल्यामुळे, जन्मभर पुरस्कारलेले समतेचे तत्त्व मरणानंतरही दाखवता यावे यासाठी ही जागा निवडली आहे. मेव्हण्यांनी वाकून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “पण लोकांच्या जमिनी काढून घ्यायला निघाला होताच ना?”

निघाले होते. सप्टेंबर १८६५ मध्ये त्याच लँकेस्टरमध्ये त्यांनी बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून गुलामगिरीतून सुटलेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, असे मांडले. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते मानले नाही आणि असंख्य कुटुंबे जुन्याच मालकांच्या शेतांवर अर्धेलीने राबत राहिली. मेव्हण्यांच्या घरची जमीन कूळकायद्यात गेली, म्हणून त्यांना प्रत्येक जमीनवाटपात सूड दिसतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट घाम गाळला त्यांचा हिशेब मात्र ते मांडत नाहीत.

जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने स्टीव्हन्स यांचा लोखंडाचा कारखाना जाळला, त्याचा राग त्यांनी काढला, असेही सांगतात. परंतु त्याआधी २५ वर्षे, पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढला म्हणून त्यांनी तिच्यावर सही करण्यास नकार दिला होता. तेव्हा त्यांचे काय जळाले होते?

बाकी कारकीर्द थोडक्यात अशी: १७९२ मध्ये व्हरमाँटमध्ये गरिबीत जन्म, वकिली, १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा वाचवणारे भाषण, यादवी युद्धात खर्चाच्या तरतुदी पाहणाऱ्या समितीचे अध्यक्षपद, कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झुंज आणि ऑगस्ट १८६८ मध्ये मृत्यू.

त्यांची जीभ तिखट होती आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना पदावरून हटवण्यासाठीच्या महाभियोगात संताप उघड दिसतो, हेही मान्य केले पाहिजे. तो महाभियोग एका मताने फसला. मेव्हण्यांचे दुःखही खोटे नाही. तरीही मत बनवण्यापूर्वी आपण १८६५ चे ते भाषण मुळातून वाचा. मेव्हण्यांनाही मी तेच सांगत आलो आहे.