शाळेसाठी मदत कुणाकडे मागायची? आधी दाखल-खारीज रजिस्टर उघडा

मॅडम, तुमच्या जिल्हा परिषद शाळेचं छप्पर गळतंय, 2 लाख 80 हजारांचं अंदाजपत्रक हातात आहे, वीसेक कंपन्यांना मेल केले आणि एकाचंही उत्तर नाही. आता देणगीदार शोधायचे कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी कोकणातच मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. आमचंही छप्पर लोकवर्गणीतूनच झालं, आणि आम्हीही सुरुवात तुमच्यासारखीच चुकीच्या टोकाकडून केली होती.

कंपन्यांचं आधी उरकतो. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 मोठ्या कंपन्यांना लागू होतं. त्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. म्हणजे तुमचं गाव चिपळूण-खेडकडचं असेल तर लोटे-परशुराममधल्या कारखान्याला लिहा, बंगळुरूच्या कंपनीला नको. मेल पाठवून थांबू नका, गावातलं तिथे कामाला जाणारं कुणीतरी सोबत घेऊन समक्ष जा. पैशांपेक्षा वस्तू मागा, पत्रे म्हणा, पंखे म्हणा. आम्ही छप्पर मागितलं तेव्हा एका कंपनीने नाव छापलेली चाळीस दप्तरं दिली, फोटो काढले आणि गेली. मुलं खूश झाली, छप्पर गळत राहिलं.

खरी यादी तुमच्या कपाटात आहे, दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे मूल कधी दाखल झालं आणि कधी, का शाळा सोडली, याच्या नोंदवहीत. आमच्याकडचं सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं तर पानं तपकिरी पडलेली, शाई फिकी. पण 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना वाचत गेलो आणि बघत राहिलो. 'मुंबईस गेला'. पुन्हा 'मुंबईस गेला'. एका पानावर अकरा वेळा. ही सगळी माणसं गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये लागली, त्यांची मुलं आज विरार-दिव्याला स्वतःच्या घरात राहतात. आम्ही वाडीवार याद्या केल्या आणि प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: आज कुठे आहे, आणि त्याच्याशी कोण बोलेल. दुसरी जास्त महत्त्वाची. अनोळखी गुरुजींचा फोन आला की माणूस 'बघतो' म्हणतो. त्याच्याच बाकावर बसलेल्या दोस्ताचा आला की 'किती कमी पडतायत?' विचारतो.

याच रजिस्टरात मुलींचीही नावं असतात, आणि वर्गणीच्या यादीत ती कधीच येत नाहीत. माहेरवाशिणींना कुणी विचारतच नाही! लग्नानंतर नाव बदलतं, म्हणून शोध भावाच्या घरातून घ्यावा लागतो. आमच्याकडे तिसरीतून शाळा सुटलेल्या एका आजींनी, कारणाच्या रकान्यात 'घरकाम', मुलींच्या स्वच्छतागृहाला नळजोडणी करून दिली. पाटी लावायची का विचारलं, तर म्हणाल्या, "पाटी कशाला? पानी येता ना, बास."

मुंबईकर मंडळाकडे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे, जाण्याचीही वेळ असते. चाकरमानी गणपतीला उतरतात त्या दिवशी कुणाला गाठू नका. दमलेले असतात आणि आरास अर्धी राहिलेली असते. वाडीत एखाद्या रात्री भजन संपलं की चहावर पाच मिनिटं मागा. त्याआधी त्यांना दिवसा शाळेत नेऊन गळणाऱ्या पत्र्याखालच्या बादल्या दाखवल्या असतील तर बोलायलाही फारसं लागत नाही. किंवा मंडळाची मुंबईत रविवारी मीटिंग असते, तिथे शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना घेऊन जा. समितीचा ठराव, दोन दरपत्रकं आणि बँक खात्याचा तपशील हातात असू द्या. रोख घेतलीत तर पावती तिथल्या तिथे फाडा. छप्पर हे खरं तर जिल्हा परिषदेचं काम, मग आम्ही का द्यायचं, हा प्रश्न हमखास येणार. प्रस्ताव कधी पाठवला, पोच कुठे आहे आणि दुरुस्तीची परवानगी मिळाली का, हे तोंडपाठ ठेवा.

बाहेर गेलेल्यांकडे मागण्यात संकोच नको. मुरूडच्या महर्षी कर्व्यांनी ऐन तरुणपणी हेच केलं होतं: नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या गावकऱ्यांकडून थोडं थोडं घेऊन गावाच्या कामांसाठी 'मुरूड फंड' काढला. त्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींचे 15 लाख 1920 साली मिळाले, ते फार नंतर.

माझी एक चूक सांगतो. शाळेतल्या फळ्यावर देणगीदाराचं नाव आणि रक्कम दोन्ही लिहिली. 501 दिलेला एक रिक्षावाला माजी विद्यार्थी फळा वाचून गुपचूप निघून गेला, पुढे दोन वर्षं गणपतीत भेटला नाही. त्यानंतर आम्ही फक्त नावं लिहिली, तीही दाखल झाल्याच्या वर्षाप्रमाणे.

परदेशातल्यांबद्दल एवढंच की दुबईतला गाववाला भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याकडून मात्र समितीच्या खात्यात पैसे घेऊ नका, ती परकीय देणगी ठरते आणि तिला वेगळी नोंदणी लागते.

आणि रजिस्टर हाताळताना जपून. पावसात पानं चिकटतात, ओढली की फाटतात. नावांची यादी वहीत उतरवून घ्या. पानांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका, त्यात प्रत्येकाची जात आणि जन्मतारीख असते.