दुःखात दिवसाची घडी कशी बसवावी? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातले माणूस गेल्यावर दिवसाचा ताळमेळ कसा राखावा आणि मनात सतत चालणाऱ्या बोलण्याला कसे वळण लावावे, असे विचारणारी पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आली आहेत. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी माझे पती गेले. मी घरी विड्या वळते. पूर्वी दुपारपर्यंत निम्मे काम हातावेगळे होत असे. आता पाने भिजवते, कातरते आणि सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहते. मुलीने सांगितल्यावरून रोज आरशासमोर ‘मी खंबीर आहे, मी आनंदी आहे’ असे म्हणते, पण त्याने उलट रडूच कोसळते. माझे काही चुकते का? (निपाणी)

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकत नाही. जे वाक्य मनाला पटत नाही, ते कितीही वेळा उच्चारले तरी मन त्याला साक्ष देत नाही, उलट त्याच्या विरोधातले पुरावे शोधू लागते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळातच कमीपणाची भावना होती, अशांना स्वतःची स्तुती करणारे वाक्य वारंवार म्हणायला लावल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटले. तो अभ्यास शोकाविषयी नव्हता, तरी तुमचा अनुभव त्याच्याशी जुळतो. म्हणून ‘मी आनंदी आहे’ हे वाक्य आजच सोडून द्या. ते आज खरे नाही, आणि सात महिन्यांत ते खरे व्हावे अशी अपेक्षा तुमच्याकडून कोणी करू नये.

स्वतःशी जे बोलायचे ते खरे असावे आणि मायेचे असावे, एवढीच माझी अट आहे. तुमच्या सख्ख्या बहिणीवर ही वेळ आली असती, तर तुम्ही तिला ‘आनंदी राहा’ असे सांगितले नसते. तुम्ही म्हणाला असता, ‘अगं, रात्रभर झोप नाही, हात कसा चालेल? एवढे एक बंडल होऊ दे, मग चहा घेऊ.’ हेच वाक्य स्वतःला, स्वतःच्या नावाने हाक मारून, हळू आवाजात सांगा. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2014 मधील संशोधनात, ताणाच्या प्रसंगी ‘मी, मी’ असे न घोळवता स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना भावना सावरणे सोपे गेल्याचे दिसले. वर दिलेल्या वाक्यात दुःख नाकारलेले नाही, कोणाला दोष दिलेला नाही आणि पुढचे एकच काम सांगितलेले आहे. तुमची वाक्ये तुम्ही याच धर्तीवर तयार करा.

कामाच्या बाबतीत, पूर्वीचा आकडा सध्या डोळ्यांसमोर ठेवू नका. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे आकडा घटला की चूल अडते, हे मी जाणतो. तरीही निम्मा आकडा ठरवून तो रोज गाठणे हे पूर्ण आकडा ठरवून रोज हरण्यापेक्षा हिताचे आहे. पाने कातरण्याचे काम शेजारणीच्या सोप्यात बसून करता आले तर जरूर करा. रक्षाविसर्जन आणि उत्तरकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते, नंतर सगळे आपापल्या वाटेने जातात आणि खरा जड काळ तेव्हाच सुरू होतो. त्या काळात सोबतीने केलेले काम हे औषधाइतकेच मोलाचे असते.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील गेल्यापासून बँक, तलाठी, तहसील कार्यालय यांच्या फेऱ्या मीच मारतो, कारण घरात कन्नड वाचता येणारा मी एकटाच आहे. पहाटे पाच ते रात्री अकरा असे वेळापत्रक केले, पण ते एकही दिवस टिकत नाही. आपण नालायक आहोत असे वाटते. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : तुझे वेळापत्रक मोडते, कारण ते दुःखात नसलेल्या माणसासाठी लिहिलेले आहे. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सहसा कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले. त्यात शोकाच्या दिवसांत लक्ष लागत नाही, वाचलेले विसरते, हे धरले तर अठरा तासांची आखणी कागदावरच राहणार. अभ्यासाचे दोनच तुकडे ठरव, प्रत्येकी पाऊण तासाचे, आणि प्रत्येक तुकडा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांध : ‘सकाळचा चहा झाला की मी वही उघडणार.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ या संकल्पांवर पुष्कळ काम केले आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा ते अधिक पाळले जातात असे आढळले आहे.

कार्यालयांच्या फेऱ्यांसाठी आठवड्यातला एकच दिवस राखून ठेव, आणि त्या दिवशी अभ्यास झाला नाही तर त्याची रुखरुख बाळगू नकोस. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते. ती झाली असल्यास दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेव, कारण बँक, विमा, वारसा नोंद अशा प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते. सर्व कागद एकाच पिशवीत ठेवून त्यावर मराठीत चिठ्ठी लाव, म्हणजे आईलाही कोणता कागद कशाचा हे कळेल आणि सारा भार तुझ्या एकट्यावर राहणार नाही. ‘मला बाबांची जागा घ्यायची आहे’ हे वाक्य मनात येत असेल, तर त्याच्या जागी ‘आज मला एक अर्ज भरायचा आहे’ असे म्हण. कोणत्याही मुलाला वडिलांची जागा घेता येत नाही. अर्ज मात्र भरता येतो.

प्रश्न : माझा तरुण मुलगा अपघातात गेला. बसची वाट पाहत उभे राहण्याचा त्याचा त्रास वाचावा म्हणून दुचाकी मीच घेऊन दिली होती. दिवसभर शेतात राबतो, म्हणजे आठवण येत नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. (खानापूर तालुका)

उत्तर : दादा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच बरेच उत्तर आहे. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडले की शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो : एकीकडे गेलेल्या माणसाची ओढ, दुसरीकडे रोजचा व्यवहार. या दोन्ही बाजूंना जागा मिळाली तर मन सावरते. तुम्ही दिवसभर एकाच बाजूला राहता, म्हणून दुसरी बाजू रात्री आपला हिशेब मागते. संध्याकाळी जनावरांना वैरण घातल्यावर आणि जेवणापूर्वी वीस मिनिटे मुलासाठीच राखून ठेवा. फोटोसमोर बसा, त्याच्याशी बोला, रडू आले तर आवरू नका, त्याच्या आईलाही शेजारी बसवा. सुगीच्या धांदलीतही ही वेळ चुकवू नका. अंथरुणावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून सोप्यात बसा आणि डोळे जड झाल्यावरच परत आडवे व्हा. सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू नका. झोपेसाठी दारूचा आधार घेत असाल तर तो आजच थांबवा, कारण दारूने येणारी झोप मध्यरात्रीच मोडते. रोज आणि बरीच घेण्याची सवय जडली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

दुचाकीविषयी. घडून गेल्यावर सगळे आधीच दिसायला हवे होते असे वाटते. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये मनाची ही खोड प्रयोगाने दाखवली आहे. ज्या दिवशी तुम्ही गाडी घेतलीत, त्या दिवशी तुमच्यासमोर बसची वाट पाहत उभा राहणारा मुलगा होता, अपघात नव्हता. ‘माझा दोष नाही’ असे म्हणणे तुम्हाला आज जमणार नाही, आणि मी तसा आग्रहही धरत नाही. एवढेच म्हणा : ‘त्याचा त्रास वाचावा म्हणून मी गाडी घेतली होती.’ हे वाक्य पूर्णपणे खरे आहे, आणि दोषाचे वाक्य जितक्या वेळा मनात येईल तितक्या वेळा हे त्याच्या शेजारी ठेवत जा.

प्रश्न : सासऱ्यांना जाऊन चौदा महिने झाले. सासूबाई अजून त्यांचे ताट वाढतात, खोलीबाहेर येत नाहीत, जेवण निम्म्यावर आले आहे आणि ‘मला कशाला मागे ठेवले’ असे म्हणतात. हा आजार आहे का? (चिकोडी तालुका)

उत्तर : ताट वाढणे हा आजार नाही, ते त्यांना वाढू द्या. बाकीची लक्षणे मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. लांबलेल्या शोकाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आता स्वतंत्रपणे केली जाते. तीव्र ओढ सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडवत असेल, तर उपचारांचा विचार करावा असे त्यात अभिप्रेत आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे त्यांना थेट आणि प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. पुढील उपचारांसाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. जाताना गेल्या दोन आठवड्यांतील त्यांची झोप, जेवण आणि चालू असलेल्या गोळ्या एका कागदावर लिहून न्या, आणि डॉक्टरांशी मराठीत बोलता येणार नसेल, तर सासूबाईंचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, काहीही न गाळता कन्नडमध्ये सांगू शकेल असे घरचे माणूस सोबत असू द्या.